चहा मंजूर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साबळ्यांकडे मटण शिजलं नाही, असं भास्कररावांच्या काळापासून एकही वर्ष गेलं नव्हतं. नवरात्राचे उपास, सोसायटीच्या मैदानातला गरब्याचा लाउडस्पीकर, दसऱ्याला सकाळी फाफडा-जलेबी आणि दुपारी शस्त्रांची पूजा, एवढं सगळं पार पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कांचन माळ्यावरचं मोठं पातेलं खाली घ्यायची. एकोणीस वर्षं ते काम तिचंच होतं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिचे यजमान धनाजीराव अपघातात गेले, त्या वर्षी ती दहा वर्षांच्या रसिकाला घेऊन थोरल्या दिरांच्या, जयवंतरावांच्या बंगल्यात राहायला आली आणि स्वयंपाकघर आपोआप तिच्याकडे आलं.

यंदा मसाला परतताना मात्र तिचं लक्ष पातेल्यात नव्हतं. बाहेर मांडव घातला होता, सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. अकरा वाजल्यापासून निधीच्या बत्तीस घरांची माणसं यायला लागणार होती, आणि त्या बत्तीसांत तिची रसिका होती.

निधी भास्कररावांचा. बडोदे संस्थानच्या पागेत ते जमादार होते. संस्थान गेलं, पागा मोडली, घोडी विकली गेली, आणि बरोबरची माणसं बघता बघता रस्त्यावर आली. तेव्हा भास्कररावांनी पादरा गावातल्या जमिनीचं उत्पन्न बाजूला काढलं: आपल्या पागेतल्या कुणाच्या घरची चूल विझू नये, एवढ्यासाठी. आधी पोत्याने धान्य वाटत. मग शिध्याची चिठ्ठी आली, आणि आता चिठ्ठीचं कार्ड झालं होतं. तरसालीला एक आणि छाणीला एक अशी दोन किराणा दुकानं ठरलेली होती. कार्ड दाखवायचं आणि महिन्याचं सामान न्यायचं. काय न्यायचं ते नेणाऱ्याने ठरवायचं. निधीच्या वहीवर भास्कररावांच्या तीन नातवांच्या सह्या लागत: जयवंतराव, धनाजीराव आणि पादऱ्याचे चुलतभाऊ बाळकृष्ण. धनाजीरावांच्या जागी आता कांचन सही करायची. जयवंतराव बोट ठेवतील तिथे.

रसिकाचा नवरा पीयूष मकरपुऱ्यात एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, दुसरं मिळालं नाही. पीयूषचे पणजोबाही त्याच पागेतले, म्हणून दीड वर्षापूर्वी त्यांचं नाव यादीत बसलं. आणि तीन आठवड्यांपूर्वी नातीचा, सानवीचा सातवा वाढदिवस झाला. रसिकाने दुकानाच्या फ्रिजमधला एक केक, वेफरची पाकिटं आणि कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या कार्डावर घेतल्या. वर पोरीचा फोटो स्टेटसला ठेवला, तोंडाला क्रीम लागलेला.

तो फोटो साबळ्यांच्या ग्रुपवर पोचायला तासही लागला नाही.

"वहिनी, चहा टाका बुवा जरा." बाळकृष्ण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. साठीचे, जाड मिशांचे, आवाज शेतावर हाक मारल्यासारखा. पण आत्ता तो त्यांनी खाली आणला होता. "वाचली का यादी?"

"मला कोण दाखवणार?"

"मला काल जयवंतदादांनी मोबाइलवर धाडली. आता कार्डावर काय घ्यायचं आणि काय नाही, ते आपण ठरवायचं म्हणे. गहू, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, असलंच काय ते. बाकी दुकानदाराने द्यायचंच नाही." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मी पादऱ्याहून निघतानाच ठरवलंय, सही करणार नाही. आजोबांनी असं कधी विचारलं होतं का कुणाला? तुम्हीही करू नका. आपण दोघं अडून बसलो की दादांचं काही चालत नाही."

कांचनने गाळणीतून चहा ओतला. "तुम्ही आधी बोला. मग मी बोलेन."

"वचन?"

"वचन."

बाळकृष्णांनी कप उचलला, समाधानाने एक घोट घेतला आणि पातेल्यात डोकावून म्हणाले, "वास झकास सुटलाय." एवढ्यानेही तिला बरं वाटलं. एकोणीस वर्षांत या घरात कुणीतरी प्रथमच तिच्याशी संगनमत केलं होतं.

ते गेले आणि थोड्याच वेळात भक्ती आली. जयवंतरावांची सून, एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ. हातात यादीचे छापील कागद होते आणि चेहरा उतरलेला होता.

"काकी, माझ्यावर रागावलात?"

"तू केलीस का यादी?"

"हो. मीच केली." भक्तीने ते लपवलं नाही. "मी दर महिन्याला बिलं बघते, काकी. छाणीच्या एका घरात तीन मुलं आहेत, तिघांच्याही अंगात रक्त नाही, आणि बिलात काय, तर गोळ्या, वेफर, गुलाबी सरबत. तिथल्याच म्हाताऱ्या बापूंना साखरेचा आजार आहे आणि ते चार-चार किलो साखर नेतात. हे बघून गप्प बसायचं? मी यादीत चणे घातले, गूळ घातला, नाचणी घातली, अंडी घातली. मुलांसाठी अंडी मुद्दाम घातली." तिने वरचा कागद कांचनसमोर धरला. 'अंडी' या शब्दावर निळ्या पेनाची जाड रेघ होती. खाली जयवंतरावांचं वळणदार अक्षर: *दानाच्या अन्नात सामिष नको.* चहावरही तशीच रेघ होती. तिथे लिहिलं होतं: *चैन.*

कांचनने पातेल्याकडे पाहिलं. मग भक्तीकडे. भक्तीनेही पातेल्याकडेच पाहिलं होतं.

"बोललीस का त्यांना?"

"बोलले. म्हणाले, तुझी डॉक्टरी झाली, आता घराण्याचं मी बघतो." भक्तीने कागद गोळा केले. "काकी, मला रसिकाला दुखवायचं नव्हतं. तो केक बिलात नसता तरी मी यादी केली असती."

"केक बिलात नसता तर दादासाहेबांनी ती वाचली असती का?" कांचन म्हणाली.

बरोबर साडेदहाला निरोप आला, की जयवंतरावांनी वर बोलावलंय.

ते गॅलरीत झोपाळ्यावर बसले होते. पांढरा झब्बा, कपाळाला कालच्या पूजेचं कुंकू अजून राखलेलं. स्वतःचा कारखाना त्यांनी एका पत्र्याच्या शेडमधून उभा केला होता आणि ते विसरू देत नसत. खालच्या बाजूला पाटावर त्यांची बायको मथुराबाई आपट्याची उरलेली पानं निवडत होती.

"बस, कांचन."

ती बसली नाही. त्यांच्यासमोर ती कधी बसतच नसे.

"बाळकृष्ण स्वयंपाकघरात आला होता म्हणे."

"चहाला आले होते."

"चहाला." ते हसले. "हे बघ, मी आडून बोलत नाही. लोक मला विचारतात, जयवंतराव, तुमच्या निधीवर केक कापतात म्हणे? मी काय सांगू? माझ्या पुतणीने कापला? दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याचं नाव मी त्याच दिवशी काढलं असतं. रसिकाचं काढलेलं नाही. का नाही काढलं?"

त्यांनी पायाने झोपाळा थांबवला.

"कारण तू या घरात आहेस. आज ठराव होईल. पान एकच आहे, त्यावर नवी यादीही आहे आणि पुढच्या वर्षाची कार्डंही आहेत. तू सही कर. रसिकाचं नाव बत्तिसात राहील, हा माझा शब्द. नाही केलीस, तर गैरवापराचा विषय मला सभेत घ्यावा लागेल. मग माझ्या हातात काही उरत नाही." झोपाळा दोनदा पुढेमागे झाला. "मी तुला कधी काही कमी पडू दिलं?"

"नाही," कांचन म्हणाली.

ते खोटं नव्हतं. रसिकाचं कॉलेज त्यांनीच केलं होतं, लग्न उभं राहून लावून दिलं होतं. घरात दूध होतं, तूप होतं, सणाला साडी होती. कमी काहीच नव्हतं. फक्त पहिल्या वर्षी एकदा मंगळबाजारातून येताना तिने कागदाच्या पुडीत खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे घेतले होते, मूठभर, चालता चालता खायला. दारातच मथुराबाईंनी पुडी पाहिली आणि सहज विचारलं होतं, "घरात शेंगदाणे नव्हते का?" नव्हते असं नाही. डबाभर होते. त्यानंतर कांचनने स्वतःच्या जिभेसाठी म्हणून कधी काही विकत घेतलं नाही. मनात आलं तरी तो प्रश्न आधी ऐकू यायचा.

"दादासाहेब, चहा तरी राहू द्या," तिच्या तोंडून निघून गेलं. "म्हातारी माणसं आहेत. आणि मुलांना अंडी."

"चहा ना, मीही म्हटलं होतं," मथुराबाई पानांवरून नजर न काढता बोलल्या. कांचनने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. जाऊबाई तिच्या बाजूने बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. "चहाशिवाय माणसाची सकाळ कशी व्हायची?"

"तू पानं निवड," जयवंतराव म्हणाले आणि मथुराबाई पानं निवडायला लागल्या. मग ते कांचनला म्हणाले, "खाली जा. माणसं यायला लागली."

साडेअकरापर्यंत मांडव भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसरीकडे. कुणी रिक्षा चालवत होतं, कुणी एटीएमबाहेर बसायचं, कुणी दुसऱ्यांच्या पोळ्या लाटायचं. सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते. एकमेकांत बोलताना अर्धं मराठी, अर्धं गुजराती चाललं होतं, पण जयवंतराव खुर्चीवर येऊन बसले तशी सगळी शुद्ध मराठीत आली आणि आवाज कमी झाले. रसिका मागच्या खांबाशी सानवीला मांडीवर घेऊन बसली होती. आईकडे तिने एकदाच पाहिलं, भुवई उंचावून. काय ठरलं, असं विचारल्यासारखं. कांचनने मान हलवली. त्या हलवण्यातून हो की नाही ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भक्तीने यादी वाचली. एकेक जिन्नस वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला. काय घेता येईल ते आधी, मग काय घेता येणार नाही ते. बिस्किटं, फरसाण, मैदा, केक, सरबतं, वेफर, तयार मसाले, लोणची, अंडी, चहा.

मग छाणीचे बापू उठून उभे राहिले. पंचाहत्तरीचे, सडपातळ, डोक्याला काळी टोपी. "साहेब, चहा बी नाही?"

पुढच्या दोघातिघांना हसू आलं. बापूही हसले, लोक हसताहेत म्हणून. "नाही म्हंजे, चूक काही नाही तुमची. पण सकाळी उठल्यावर दुसरं करायचं काय, ते पण त्या यादीत लिवलं असतं तर बरं झालं असतं."

"बसा, बापू," जयवंतराव प्रेमाने म्हणाले. "बाळकृष्ण, तुझी सही."

कांचनने बाळकृष्णांकडे पाहिलं. ते उठले. घसा खाकरला. मांडवभर नजर फिरवली, आणि ती नजर कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्यांच्या मुलावर थांबली. तो जयवंतरावांच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि आज ताटं मोजायला आला होता.

"दादांनी विचार करूनच केलं असेल सगळं," बाळकृष्ण म्हणाले. त्यांचा तो शेतावरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. वाकून त्यांनी सही केली आणि पेन टेबलावर न ठेवता सरळ कांचनच्या हातात दिलं. बोटांना बोटं लागली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

कांचन पेन धरून उभी राहिली. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"चहा राहू द्या," ती म्हणाली. "आणि अंडी. मग सही करते."

जयवंतरावांचा चेहरा क्षणभर ताठरला. मग ते मोकळेपणाने हसले. माणसं कशी सांभाळायची ते त्यांना ठाऊक होतं. "ऐकलंत? आमची कांचन तुमच्यासाठी भांडतेय. चला, तिचा मान ठेवला. चहा मंजूर!" त्यांनी स्वतःच्या हाताने चहावरची रेघ खोडली. "अंडी नाही. ती देवाधर्माची गोष्ट आहे. पण चहा मंजूर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापूंनी टोपी काढून हलवली. आणि कांचनला, नाही म्हटलं तरी, आनंद झाला. ती पुढे काही विचार करण्याआधीच तिने सही केली होती.

"आता शेवटचं," जयवंतराव म्हणाले. "नवं कार्ड घेताना प्रत्येकाने चार ओळी वाचायच्या. अन्नाचा अपमान करणार नाही, एवढंच. पहिलं कार्ड रसिकाला. ये, बाळ. झाल्या गोष्टीची सगळ्यांसमोर माफी मागून टाक, म्हणजे विषय इथेच संपला. पुन्हा कुणी तुला बोलणार नाही."

हे ठरलेलं नव्हतं. कांचनने तोंड उघडलं, पण कुणाला काय म्हणायचं ते सुचेना. नाव राहील, एवढाच शब्द त्यांनी दिला होता, आणि नाव राहिलंच होतं.

रसिका उठली. सानवीचा हात सोडून एकटी यायला बघत होती, पण पोर तिच्या ओढणीला धरून मागोमाग आली.

रसिका लहानपणापासून तोंडाची फटकळ. या बंगल्यात दहाव्या वर्षी आली तेव्हा मथुराबाईंनाही उलट उत्तर करायची. कांचनला वाटलं, आता ती कार्ड टेबलावर आपटेल आणि निघून जाईल. तसं व्हावं असं तिला फार वाटत होतं, आणि तसं होऊ नये असंही.

"मोठे काका, एक सांगू?" रसिका म्हणाली. "त्या महिन्यात मी डाळ घेतली नाही. केक घ्यायचा म्हणून डाळ सोडली. जास्तीचं काही घेतलं नाही. पोरीला वर्गातल्या पाच मैत्रिणी घरी बोलवायच्या होत्या. ती दोन वर्षं त्यांच्या वाढदिवसाला जाते."

"म्हणजे महिनाभर मुलीला डाळ नाही दिलीस," जयवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेच तर म्हणतोय आम्ही."

रसिकाने भक्तीकडे पाहिलं. भक्ती कागदांकडे बघत होती. मग रसिकाने चार ओळींचा कागद हातात घेतला आणि वाचला. शाळेत धडा वाचतात तसा, कुठेही न थांबता. शेवटी म्हणाली, "माझी चूक झाली. मी माफी मागते." कार्ड घेतलं, जयवंतरावांना वाकून नमस्कार केला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

त्यानंतर एकतीस घरांनी त्याच चार ओळी वाचल्या.

पंगत बसली तेव्हा एक वाजून गेला होता. साबळे आणि त्यांचे पाहुणे आतल्या खोलीत टेबलावर, बाकीचे मांडवात सतरंजीवर. कांचन मांडवात वाढत होती. भाकरी, रस्सा, कांदा, लिंबू. रांग संपता संपता ती खांबाशी आली. सानवीच्या ताटात भाकरी होती, आणि पोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"वाढू ना, बेटा?"

सानवीने आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "आजी, हे मला चालतं? यादीत आहे?"

रसिका दुसरीकडे बघत होती. शेजारी बसलेल्या बाईने घास घेता घेता हात थांबवला.

कांचनने पळी पातेल्यात ठेवली. पातेलं तिथेच खाली ठेवलं. पदराला हात पुसले आणि ती आत गेली. टेबलावर जयवंतराव नळी फोडत होते. बाळकृष्ण त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. वही भक्तीजवळच्या खुर्चीवर होती.

"भक्ती, वही दे."

भक्तीने सासऱ्यांकडे पाहिलं, मग कांचनकडे. आणि वही उघडून, तेच पान काढून, तिच्यापुढे सरकवली. पेनही दिलं. हे तिने का केलं ते पुढे तिला कितीदा तरी विचारलं गेलं. तिने कधीच सांगितलं नाही.

कांचनने आपल्या सहीवर रेघ मारली. एक, मग दुसरी. कागद फाटेपर्यंत.

"काय केलंस हे?" मथुराबाई ओरडल्या.

जयवंतरावांनी हात धुतले. घाई केली नाही. नॅपकिनने एकेक बोट पुसलं, वही उचलली आणि मांडवात जाऊन उभे राहिले. कांचन त्यांच्यामागे दारापर्यंत आली.

"जेवताना त्रास देतो, माफ करा," ते म्हणाले. "आमच्या कांचनने सही मागे घेतली आहे. तो तिचा हक्क आहे, मी काही म्हणत नाही. पण आजोबांचा नियम तीन सह्यांचा. दोन सह्यांवर मला दुकानांना कळवता येणार नाही. तेव्हा हातात दिलेली कार्डं सध्या तशीच ठेवा. दिवाळीचा शिधा मिळणार नाही. पुढचं काय ते तिच्याशी बोलून ठरवा."

ते परत आत गेले, आणि मांडवातल्या बत्तीस घरांनी कांचनकडे पाहिलं.

आधी कुणी उठलं नाही. मग पोळ्या लाटणारी एक बाई हात न धुताच आली. "ताई, माझ्याकडे दिवाळीला लेक येतेय. काय करू मी?" मागून एक रिक्षावाला आला. "अंड्यांवाचून काही अडत नाही हो आमचं. आम्ही आमचं बघू. तुम्ही सही करा." कुणीतरी मागच्या रांगेतून मोठ्याने म्हणालं, "स्वतः बंगल्यात राहते. तिचं काय जातंय?" त्यावर दुसरं कुणी त्याला गप्प बसवलं, पण वाक्य जायचं तिथे गेलं होतं.

बापू सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी टोपी काढली होती. "ताई, तुमच्यामुळं चहा मिळाला. खरं सांगतो, मला तेवढा पुरे. ते वाचायचं-बिचायचं, त्यानं काही होत नाही. वाचलं आन् सोडून दिलं. घ्या ना करून."

"बापू, तुम्हाला हसले ते लोक," कांचन म्हणाली.

"हसू दे की."

तिला ओरडून सांगायचं होतं, की हे तुमच्यासाठीच केलं. पण ते पूर्णपणे खरं नव्हतं, हे तिला कळत होतं. तिने ते सानवीच्या प्रश्नासाठी केलं होतं, त्या शेंगदाण्यांच्या पुडीसाठी केलं होतं, आणि त्याची किंमत बत्तीस घरांनी द्यायची होती.

तेवढ्यात भक्ती आतून वही घेऊन दारात आली. तिच्या हातातून ती रसिकाने घेतली. सानवीला खांबाशी बसवून ती आईजवळ आली, वहीचं नवं पान उघडलं. भक्तीने त्यावर ठराव घाईघाईने पुन्हा उतरवला होता. वर जयवंतरावांची आणि बाळकृष्णांची ताजी सही होती. रसिकाने पेनाचं टोपण काढलं.

"आई, सही कर."

"रसू, तू माफी मागितलीस ते—"

"ती मागून झाली. ती काही आता परत मिळत नाही." रसिकाचा आवाज हळू होता, फक्त आईला ऐकू जाईल इतका. "ती मागायच्या आधी बोलली असतीस तर मी तुझ्याबरोबर उभी राहिले असते. उपाशी राहिले असते. आता मी सगळ्यांसमोर वाकलेय, आई. आता ते फुकट घालवू नकोस."

कांचनने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे राग असता तर तिला सोसला असता.

"राहायला येऊ का तुझ्याकडे?" तिने विचारलं. "या घरात आता मला..."

"खोली एवढीशी आहे. आणि तू आलीस की कार्डावर माणूस वाढतं. त्याचा अर्ज मोठ्या काकांकडेच करायचा." रसिकाने पेन तिच्या बोटांत बसवलं, लहान मुलाला लिहायला शिकवताना बसवतात तसं. "कर."

कांचनने दाराच्या चौकटीवर वही टेकवली. आतापर्यंत तिने वाचून सही कधी केली नव्हती. यावेळी वाचलं. पहिल्या ओळीपासून, अंडी, बिस्किटं, लोणची, सगळं. लोक उभे होते, रस्सा गार होत होता, तरी ती वाचत राहिली. मग खाली पूर्ण नाव लिहिलं: कांचन धनाजीराव साबळे.

"उपकार झाले, ताई," बापू म्हणाले आणि खरंच तिच्या पायाशी वाकायला गेले. ती दोन पावलं मागे सरली.

आतून जयवंतरावांचा आवाज आला, प्रसन्न, मोठा. "चला, झालं ना? बसा सगळे, निवतंय. कांचन, टेबलावर रस्सा पाठव!"

भक्ती पातेल्याकडे वळली, पण कांचनने तिला थांबवलं आणि स्वतः पळी हातात घेतली. रस्सा आधी टेबलावर नेला नाही. आधी सानवीच्या ताटात वाढला, मऊ तुकडे निवडून. सानवीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली तशी तिने भाकरी बुडवली.

रसिकाही जेवली. पोटभर जेवली. कांचनने तिला दोनदा वाढलं. दोन्ही वेळा तिने ताट पुढे केलं आणि एकदाही वर पाहिलं नाही.